कारणबाई आणि नऊ हजार घरं

आमच्या ऊर्जा खात्यात एखादा निर्णय का घेतला, हे निर्णय घेणाऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. ते कारणबाईंना विचारायचं. निर्णय वरून यायचा, कधी चार ओळींच्या चिठ्ठीतून, कधी नुसता फोनवर. मग तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या टेबलाशी बसून, तो का घेतला हे बाई लिहायच्या. आधी कळस, मग पाया. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. आम्हाला बसत नसे, कारण बाईंनी मागाहून घातलेला पाया इतका पक्का असायचा की कळस पहिल्यापासून त्यावरच उभा होता, असं कुणालाही वाटावं.

मी त्याच खात्यात अभिलेखपाल होतो, म्हणजे जुन्या फाइली सांभाळणारा. लोक मला गठ्ठेबुवा म्हणत. तळमजल्यावर माझी लांबट खोली, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या आणि त्यांत तारीखवार लावलेल्या योजना. वाऱ्याची वीज, कचऱ्याची वीज, सौर बंब. एका सरकारने फीत कापून सुरू केलेल्या आणि पुढच्याने, कधीकधी त्याच सरकारने, गुपचूप गुंडाळलेल्या. सुरू करण्याच्या फाइलीतले पहिले शब्द ‘व्यापक जनहितार्थ’. बंद करण्याच्या फाइलीतलेही पहिले शब्द तेच. माणसं बदला, पक्ष बदला, पळसाला पानं तीनच. सरकारं असल्या योजना मागे का घेतात यावर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांनी माझ्या खोलीत एक आठवडा काढला असता तर त्यांची पुस्तकं बारीक झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाई ठेंगण्या, चालायला झपझप आणि डाव्या कानाने कमी ऐकणाऱ्या. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून जगालाही कमी ऐकू येत असणार, अशा समजुतीने त्या बोलत. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर गोपनीय असं काही उरलेलं नव्हतं. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढायच्या. एक लिहिताना मोडलं तर विचार मोडू नये म्हणून. मसुदा जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूला. दुपारचा डबा उभ्याने, खिडकीशी, सात मिनिटांत.

तुम्ही म्हणाल, वरून आलेल्या निर्णयाला कारणं चिकटवणारी बाई, त्यात कौतुक कसलं. मीही सुरुवातीला तेच म्हणायचो. एकदा तोंडावर म्हणालो, “बाई, तुमचा धंदा म्हणजे खोट्याला इस्त्री करणं.”

त्यांनी डबा खाली ठेवला. “गठ्ठेबुवा, कुठल्याही निर्णयाची दहा खरी कारणं असतात. त्यातली नऊ छापण्याजोगी नसतात. मी दहावं शोधते. खोटं कारण मी आजवर लिहिलेलं नाही. तुमच्या मांडणीवर असेल तर काढून दाखवा.”

मी चिडून खरंच शोधलं. एक पावसाळा त्यात घालवला. सापडलं नाही.

या बाईंच्या हातून नोकरीत एकच चूक झाली. ती आमच्या खात्यातल्या माणसाकडूनच व्हावी अशी चूक होती, आणि ती त्यांनी एकटीने केलेली नव्हती. ते आता सांगतो.

घरांच्या छतावर सौर तावदानं, म्हणजे सोलर पॅनेल, बसवण्याची योजना आली, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला तीनेक वर्षं होती. ज्याच्या छतावर वीज होईल त्याने ती वापरावी, उरलेली तारेवर सोडावी, सरकार ती ठरलेल्या दराने वीस वर्षं विकत घेईल. लेखी करार, दोन्ही बाजूंच्या सह्या. या खरेदीचा खर्च सगळ्यांच्या वीजबिलात थोडाथोडा वाटायचा, अधिभार म्हणून, बिलाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत. योजना चांगली होती. बाईंनी तिची कारणंही मन लावून लिहिली. नमुन्यात फक्त एक रकाना रिकामा राहिला: पाच वर्षांत किती घरं येतील.

शुक्रवार होता आणि फाइल पाचच्या आत वर जायची होती. बाई जिना उतरून माझ्याकडे आल्या. “मागच्या वेळी किती धरली होती हो?”

मी सौर बंबांचा गठ्ठा काढला. नऊ हजार धरली होती. आली बावीसशे. “नऊच लिहा,” मी म्हणालो. “तेवढीही यायची नाहीत.”

बाईंनी नऊ हजार लिहिले. आमच्याकडे आकडा असाच काढतात, मागच्या फाइलीतून. मागच्यांनी तो त्यांच्या मागच्यांकडून घेतलेला असतो. मुळात तो कुणी मोजला होता हे माझ्या मांडणीलाही ठाऊक नाही. सरकारी योजनेकडे लोक फिरकत नाहीत, या एका विश्वासावर सरकारी योजना आखल्या जातात. अधिभार किती, खर्च किती, वीस वर्षं पेलेल का, सगळं त्या नऊ हजारांवर मांडलं गेलं. साहेबांनी सही केली, त्यांच्या साहेबांनी केली, मंत्र्यांनी केली. नऊ हजार कुठून आले हे एकानेही विचारलं नाही.

आणि लोक आले. दीड वर्षात तावदानांची किंमत निम्म्यावर आली, पण आमचा खरेदीचा दर वीस वर्षांसाठी खिळे ठोकून बसवलेला. ज्याला बेरीज येत होती त्याने छत मोजलं. अडीच वर्षांत एकसष्ट हजार घरं. अर्जांच्या खिडकीसमोर रांगा लागल्या. आम्ही दोन माणसं वाढवली, मग चार. मंत्र्यांनी छतावर चढून फोटो काढून घेतले, जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद म्हणून भाषणं केली. बाई मात्र दर महिन्याचा आकडा ऐकला की पाठकोऱ्या कागदावर काहीतरी मांडत बसायच्या. त्यांना बेरीज येत होती.

तिसऱ्या वर्षी अधिभार पाचपट झाला.

बाई आणि त्यांची धाकटी बहीण दोन खोल्यांत राहायच्या, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बहीण एका रुग्णालयाच्या धुलाईघरात मुकादम. घरात वाटणी ठरलेली: भाडं बाईंचं, बिलं बहिणीची. एका रविवारी मी काही कागद द्यायला गेलो, तर बहीण स्वयंपाकघराच्या टेबलावर वीजबिल पसरून बसली होती.

“बरं झालं आलात,” ती मला म्हणाली. “ताई तर तोंड उघडत नाही. मला सांगा, ही शेवटून दुसरी ओळ काय आहे?”

मी सांगितलं.

“म्हणजे ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छत आहे, त्याची वीज सरकार चढ्या दराने घेणार. आणि माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्याचं कुटुंब आहे, म्हणून त्याचे पैसे मी भरणार. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “माझ्या.”

“मग जरा डोकं तपासून घे,” बहीण म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मी खात्यात एवढे अहवाल वाचले, पण योजना का कोसळते हे मला त्या टेबलावर समजलं. फायदा होतो त्याला तो हक्क वाटतो, म्हणून तो गप्प असतो. भुर्दंड बसतो त्याला तो रोज दिसतो, म्हणून तो बोलतो. आणि निवडणुकीत बोलणाराच मत द्यायला लवकर जातो. त्यातून वीज कंपनीने वेगळाच सूर लावलेला: आमची मोठी गिऱ्हाइकं छतावर गेली, दिवसा स्वतःची वीज वापरतात, संध्याकाळी आमच्या तारा वापरतात, मग त्या तारांचा खर्च कोण देणार. कंपनीची रड खोटी नव्हती, हे तिला नावं ठेवणाऱ्या मलाही कबूल करावं लागेल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. या योजनेचा तीन वर्षं टिकला, हेच खूप झालं.

त्याच सुमारास मी बाईंबरोबर एकदा त्यांच्या नेहमीच्या बेकरीत गेलो होतो. बेकरीवाल्याने भट्टी विजेवर चालवायला घेतली होती आणि छत तावदानांनी भरलं होतं. गल्ल्याच्या मागे, कुटुंबाच्या फोटोंच्या रांगेत, त्याने आमच्या खात्याचा करार चौकट करून लावला होता. काचेआड बाईंचीच वाक्यं. ‘सदर दर वीस वर्षे कायम राहील.’

बाई ती वाचत उभ्या राहिल्या. त्या कुठे काम करतात हे बेकरीवाल्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, “सगळे मला वेड्यात काढत होते, बाई. सरकारवर कसला भरवसा ठेवतोस म्हणून. म्हटलं, लिहून दिलंय. बोललेलं फिरवतील, लिहिलेलं कसं फिरवतील?”

बाईंनी पाव घेतला आणि सुटे पैसे न घेताच बाहेर पडल्या. मला परत जाऊन ते घ्यावे लागले.

चिठ्ठी आली तेव्हा बाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. योजना बंद करा. यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते हे, की या वेळी कारणही वरूनच आलं होतं: ‘लाभार्थ्यांनी मोठ्या प्रमाणावर गैरफायदा घेतल्याचे निदर्शनास आले आहे.’

साहेबांनी बाईंना बोलावलं, आणि मूळ फाइल घेऊन मलाही. आमचे साहेब दुष्ट नव्हते. त्यांना फक्त कुठलीही फाइल टेबलावर तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली की पित्त व्हायचं.

“कुणी गैरफायदा घेतला?” बाईंनी विचारलं. खालच्या फुटपाथवरही ऐकू गेलं असेल.

“हळू बोला. कुणी म्हणजे, एकंदरीत.”

“एकसष्ट हजार घरांनी एकंदरीत? त्यांनी आपला जाहीर केलेला दर वाचला आणि आपण छापलेला अर्ज भरला. याला गैरफायदा म्हणत नाहीत, साहेब. याला वाचता येणं म्हणतात.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास फिरवला. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. नवे अर्ज थांबवून भागणार नव्हतं. अधिभार निवडणुकीआधी खाली आणायचा होता, आणि तो जुने करार मोडल्याशिवाय खाली येत नव्हता. करार मोडायला एकच वाट होती, कलम अकरा: लाभार्थ्याने गैरफायदा घेतला असेल तर करार रद्द. अंदाज चुकला म्हणून करार मोडता येत नाही. तेव्हा दोष लोकांचा हवा. खात्याचा असून उपयोग नाही.

“म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं,” बाई म्हणाल्या.

“बाई, चार महिने राहिलेत तुमचे. लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“उद्या देते.”

त्या थेट माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं, जे त्या कधी करत नसत, आणि स्टुलावर बसल्या. मूळ फाइल उघडून त्यांनी तो रकाना काढला. नऊ हजार, त्यांच्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात: ‘मागील योजनेच्या आधारे.’

“हे खरं कारण,” त्या म्हणाल्या. “नऊ धरली, एकसष्ट आली. दर खाली आणायची सोय आपण ठेवली नाही, कारण कुणी येईल असं आपल्याला वाटलंच नव्हतं. योजना पडली नाही हो. ती चालली, म्हणून बंद करतायत.”

“मग तसं लिहा.”

“तसं लिहिलं की पहिला प्रश्न येणार, अंदाज कुणाचा?”

मी मांडणीकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला ना बेकरीवाला आठवला, ना एकसष्ट हजार घरं. मला माझं निवृत्तिवेतन आठवलं. चौकशी लागली की ते अडकतं. माझी अजून आठ वर्षं होती, दोन मुली शिकत होत्या. गठ्ठा मी काढला होता, ‘नऊच लिहा’ मी म्हणालो होतो, आणि हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी म्हणालो, “बाई, तुम्ही जाऊ द्या ना. वरून आलेलं कारण आहे. तुमचं नाही. लिहा आणि सोडा.”

त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. मग उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि तीही माझ्या अक्षरात? नाही जमणार.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही पुन्हा साहेबांसमोर. टिपण दीड पानांचं होतं. साहेबांनी वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद वाचून त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यात लिहिलं होतं की योजना अपेक्षेहून कितीतरी जास्त यशस्वी झाली आहे, तावदानं निम्म्याने स्वस्त झाली आहेत, त्यामुळे नव्या घरांना आता सरकारी आधाराची गरज राहिलेली नाही. सबब नवे अर्ज थांबवावेत.

“हे छान आहे,” साहेब म्हणाले. “मंत्र्यांना भाषणात वापरता येईल.”

“म्हणूनच लिहिलं.”

दुसरा परिच्छेद वाचताना ते थांबले. त्यात होतं: लाभार्थ्यांनी कोणताही गैरफायदा घेतल्याचे कागदोपत्री दिसत नाही. खर्च वाढला तो मूळ अंदाज चुकल्यामुळे. तो अंदाज मागील योजनेवरून, कोणतीही पाहणी न करता घेण्यात आला होता. अंदाज लिहिणारी अधिकारी म्हणून बाईंचं नाव आणि हुद्दा. सबब केलेले करार वीस वर्षे पाळावेत. तिसऱ्या, छोट्या परिच्छेदात त्यांनी सुचवलं होतं की कमी वीज वापरणाऱ्या घरांवरचा अधिभार काढून तो भार सरकारने तिजोरीतून उचलावा.

साहेबांनी चष्मा काढला. “स्वतःचं नाव कशाला घातलंत?”

“तुमचं घातलं असतं तर तुम्ही सही केली नसती.”

मला हसू आलं. साहेबांना नाही.

“आणि मी हे न पाठवता दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर?”

“घ्या की. गैरफायदा लिहून करार मोडा. एकसष्ट हजारांतले साठ हजार घरी रडत बसतील. हजार कोर्टात जातील. कोर्ट पहिल्या दिवशी मूळ फाइल मागवेल. ती यांच्याकडे आहे.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तिच्यात नऊ हजार आहेत, खाली ‘मागील योजनेच्या आधारे’ आहे, आणि त्याखाली तुमच्यासकट तिघांच्या सह्या आहेत. तेव्हा खरं कारण कोर्ट वाचून दाखवेल. त्यापेक्षा मी लिहिलेलं बरं. माझं अक्षर चांगलं आहे.”

साहेब उठून खिडकीशी गेले. खाली वाहनं बघू लागले. मी फाइल छातीशी धरून उभा होतो. आत्ता बोलावं असं मला दोनदा वाटलं. एकदा तर तोंडही उघडलं होतं. पण बाईंनी माझ्याकडे न बघताच हाताने थांबण्याची खूण केली, आणि मी ती खूण फार आनंदाने मानली.

“तिसरा परिच्छेद काढतो,” साहेब शेवटी म्हणाले. “तिजोरीला हात लावायचा नाही. दुसरा ठेवतो. पण याची किंमत मला कुणाकडून तरी वसूल केलेली दाखवावी लागेल, बाई.”

“दाखवा,” बाई म्हणाल्या. “तिसराही ठेवा.”

“नाही.”

तिसरा गेला. बाईंचं नाव असलेला दुसरा वर गेला, आणि तसाच मंजूर होऊन खाली आला. खिडकीला कुलूप लागलं, नवे अर्ज बंद झाले. मंत्र्यांनी योजनेच्या ऐतिहासिक यशाबद्दल भाषण केलं आणि ती बंद झाल्याचं अठराव्या मिनिटाला सांगितलं. जुने करार शाबूत राहिले. बेकरीवाल्याला यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. त्याच्या भिंतीवरचं वाक्य जसंच्या तसं खरं राहिलं.

धाकट्या बहिणीला मात्र कळलं. पुढच्या बिलातही शेवटून दुसरी ओळ होती, तेवढीच. मी त्या रविवारीही तिथे होतो. माझं काही काम नव्हतं, पण गेल्याशिवाय राहवलं नाही.

“म्हणजे तू त्यांना दिलेला शब्द पाळलास,” ती म्हणाली. “माझ्या पाकिटातून.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी एक परिच्छेद लिहिला होता. तो कापला. मला वाचवता आला नाही.”

मला वाटलं आता भांडण होणार. बहिणीने बिलाची घडी केली, पाकिटात ठेवली. “निदान मला खोटं तरी सांगितलं नाहीस,” ती म्हणाली. पुढचा महिनाभर ती बाईंशी कामापुरतंच बोलत होती. मला बाईंची बाजू घ्यावीशी वाटली, पण कुठल्या तोंडाने घेणार?

ताकीद तीन आठवड्यांनी आली. लेखी ताकीद सेवापुस्तकात चिकटवायची आणि त्यावर कर्मचाऱ्याची सही घ्यायची, हे काम अभिलेखपालाचं. एकतीस वर्षांचं ते पुस्तक, एक डाग नाही. मी डिंकाची बाटली काढून बसलो होतो. बाई आल्या, उभ्याउभ्याच सही करून पेन माझ्याकडे सरकवलं.

“वाचा तरी,” मी म्हणालो.

“काय वाचायचं? मसुदा माझाच आहे.”

साहेबांनी म्हणे तिघांकडून ताकीद लिहून घेतली होती. एकालाही जमेना. कुणी फार कडक लिहिलं, कुणाचं कारणच पटेना. शेवटी साहेबांनी संकोचत बाईंनाच बोलावलं, जरा नजर टाकता का म्हणून. बाईंनी नजर टाकली, तिन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि अर्ध्या तासात स्वतःची ताकीद स्वतः लिहून दिली. मी इतका हसलो की डिंक टेबलावर सांडला. मग पुसता पुसता ती वाचायला घेतली. सुरेख लिहिली होती. एकही शब्द जास्त नाही. चौथ्या ओळीत होतं: ‘सदर अंदाज त्यांनी कोणाशीही विचारविनिमय न करता, एकटीने निश्चित केला.’

माझं हसू थांबलं. “बाई, हे खोटं आहे.”

“हो.”

“तुम्ही खोटं कारण लिहीत नाही.”

“तुमची आठ वर्षं आहेत अजून,” बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. “आणि चौकशी आली तर तुम्ही काय बोलाल, याचा मला भरवसा नाही. चिकटवा आता.”

मी चिकटवली.

ती आठ वर्षं मी सुखाने काढली. दोन्ही मुली शिकल्या. माझ्या सेवापुस्तकात एक डाग नाही, निरोप समारंभात साहेबांनी तसं सांगितलंही आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा होतो. आता मला ताकीद देणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून एवढं धैर्य आलं आहे. याला धैर्य म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. बाई आहेत, ठणठणीत आहेत, आणि हे वाचलं की फोन करून माझे दोन्ही कान बहिरे करतील. करू देत. नऊ हजार मी सांगितले होते. त्यांनी फक्त लिहिले.